प्रकाशावर माहिती कशी चढते: पुण्याची जंक्शन लाइन ते सोमेश्वरनगरची फायबर

टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी, म्हणजे जंक्शन लाइनची, देशातली पहिली फायबर पुण्यात १९७९ साली सुरू झाली. अमेरिकेत लाँग बीच आणि शिकागो इथे लोकांची रोजची संभाषणे काचेच्या तारेतून न्यायला लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. म्हणजे या एका बाबतीत पुणे जगाच्या फार मागे नव्हते. त्याआधी, १९७५ मध्ये, मुंबई शहर आणि अंधेरी या एक्स्चेंजांमध्ये देशातली पहिली पीसीएम यंत्रणा बसली होती. आवाजाचे आकडे करून ते पाठवण्याची ही पद्धत. आधी आवाजाचे शून्य-एक झाले आणि चार वर्षांनी त्या शून्य-एकासाठी प्रकाशाचा दिवा मिळाला. एक असेल तर दिवा लावायचा, शून्य असेल तर विझवायचा. फायबरमधले मॉड्युलेशन म्हणून पुढची तीस वर्षे बहुतेक एवढेच होते.

बारामती तालुक्यातल्या सोमेश्वरनगर, करंजेपूल, वाघळवाडी या पट्ट्यात ज्या घरात फायबर आली आहे, तिथे आजही असेच चालते. दिवा लागतो आणि विझतो, मात्र सेकंदाला जवळजवळ अडीच अब्ज ठोक्यांच्या गतीने. त्या घरात पाहिला जाणारा व्हिडिओ मुंबईहून पुण्याकडे लांब पल्ल्याच्या ट्रंक मार्गाने येतो तेव्हा मात्र त्या काचेत काही विझत नाही. प्रकाश सतत तेवत असतो आणि माहिती त्याच्या लाटेच्या फेजमध्ये, उंचीमध्ये आणि ध्रुवणात भरलेली असते. काचेची जात दोन्हीकडे जवळपास एकच असते. मग ट्रंकवर जे जमले ते गावात का नाही, आणि गावातले साधे लावणे-विझवणे ट्रंकवर का टिकले नाही? या आढाव्यात मला एवढेच तपासायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. हा साध्याकडून अवघडाकडे झालेला सरळ प्रवास नाही. अडचण जिथे सरकली तिथे मॉड्युलेशन बदलले, आणि जिथे अडचण सरकली नाही तिथे जुनेच चालू राहिले, तेही योग्य कारणाने.

प्रकाशाच्या लाटेत बदलण्याजोग्या गोष्टी चारच: उंची, फेज (लाट तिच्या आवर्तनात कुठवर आली आहे ते), वारंवारता आणि ध्रुवण, म्हणजे लाटेच्या कंपनाची दिशा. रेडिओवाल्यांना हे फार पूर्वीपासून माहीत होते. मग फायबरवाले इतकी वर्षे नुसत्या उंचीवर का अडून राहिले? कारण समोरच्या टोकाला बसलेला फोटोडायोड. त्याला फक्त उजेड किती आला एवढेच कळते. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी वेळा कंप पावतो. ते कंपन मोजणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक साधन नव्हते आणि आजही नाही. फोटोडायोडवर पडल्याबरोबर फेज आणि ध्रुवण दोन्ही हरवतात. पाठवणाऱ्याने त्यांत कितीही भरले तरी घेणाऱ्याला ते दिसणारच नाही.

लावणे-विझवणे करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लेझरचा विद्युतप्रवाहच कमी-जास्त करणे. लेझर पूर्ण विझवत नाहीत. तो उंबरठ्याच्या प्रवाहाच्या थोडा वरच ठेवतात, नाहीतर पुन्हा पेटायला वेळ लागतो. या पद्धतीत एक खोड आहे. प्रवाह बदलला की लेझरचा रंगही किंचित ढळतो. याला चर्प म्हणतात. अडीच गिगाबिटपर्यंत आणि वीसेक किलोमीटरच्या आत तो कोणाला त्रास देत नाही. दहा गिगाबिटला आणि लांबच्या मार्गावर मात्र तो महागात पडतो. म्हणून तिथे लेझर सतत जळता ठेवून पुढे वेगळा मॉड्युलेटर लावतात. त्यातला नामांकित म्हणजे लिथियम नायोबेटच्या स्फटिकावरचा माख-झेंडर. यात प्रकाश दोन वाटांनी फोडायचा, एका वाटेवर व्होल्टेज देऊन लाट अर्धे आवर्तन मागे ढकलायची आणि दोन्ही वाटा पुन्हा एकत्र करायच्या. लाटा एकमेकींना खोडून काढतात आणि अंधार होतो. ही रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे फेजचे सगळे प्रकार याच साधनातून निघाले.

आता अडचण नेमकी कुठे येते ते आकड्यांत पाहू. पुण्याहून सोमेश्वरनगरपर्यंत फायबरची लांबी ढोबळमानाने ८० किलोमीटर धरू. साध्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डेसिबल प्रकाश कमी होतो. म्हणजे ८० किलोमीटरला १६ डेसिबल, आणि वाटेतले जोड, पॅचकॉर्ड धरले तर वीसच्या आसपास. शंभरातला एक भाग पोहोचतो. ऐकायला कमी वाटले तरी घेणाऱ्या यंत्राला तो पुरतो.

दुसरी अडचण स्पंद पसरण्याची, म्हणजे डिस्पर्शनची. काचेत वेगवेगळे रंग किंचित वेगवेगळ्या वेगाने जातात. एक नॅनोमीटर रुंदीच्या प्रकाशाला दर किलोमीटरला १७ पिकोसेकंदांचा फरक पडतो. दहा गिगाबिटच्या संकेताची रुंदी सुमारे ०.१ नॅनोमीटर. ८० किलोमीटरला स्पंद १३५ पिकोसेकंद पसरतो, आणि दहा गिगाबिटला एका बिटच्या वाट्याला वेळ येतो फक्त १०० पिकोसेकंद. बिट शेजारच्या बिटमध्ये सांडतो. सोमेश्वरनगरहून बारामतीपर्यंतच्या साधारण ३० किलोमीटरला हा फरक ५० पिकोसेकंद होतो, तिथे काही बिघडत नाही. आता याच पद्धतीने शंभर गिगाबिट पाठवू म्हटले तर बिटची वेळ दसपट कमी आणि संकेताची रुंदी दसपट जास्त, म्हणजे एका अंगाने दहा आणि दुसऱ्या अंगाने दहा, मिळून शंभरपट शिक्षा. एक बिट पुढच्या शंभराहून अधिक बिटांवर पसरेल. लावणे-विझवणे ट्रंकवर का टिकले नाही, याचे निम्मे उत्तर या एका हिशेबात आहे.

पण ही अडचण जगाला लगेच भिडली नाही, कारण मध्ये एक मोठी सोय हाती आली. साउदॅम्प्टन विद्यापीठ आणि बेल लॅब्ज इथे १९८७ च्या सुमारास एर्बियम मिसळलेल्या फायबरचा अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला. प्रकाशाचे विजेत आणि विजेचे पुन्हा प्रकाशात रूपांतर न करता तो थेट प्रकाशच वाढवतो, आणि एकाच वेळी अनेक रंगांचा. मग एका रंगावर जास्त भरायचे कष्ट कशाला? रंगच वाढवा. १९९० च्या दशकात एकेका फायबरमध्ये आठ, सोळा, चाळीस, ऐंशी रंग बसवले गेले. प्रत्येक रंगावर तेच लावणे-विझवणे. पसरलेले स्पंद आवळायला उलट्या गुणधर्माच्या फायबरची रिळे प्रत्येक थांब्यावर ठेवली की झाले.

१९८० च्या दशकात फेज ओळखणाऱ्या कोहेरंट यंत्रांवर जपान, युरोप, अमेरिकेत भरपूर संशोधन झाले होते. घेणाऱ्या टोकाला दुसरा लेझर लावायचा, आलेला प्रकाश त्याच्यात मिसळायचा आणि दोहोंतल्या फरकावरून फेज काढायची, ही कल्पना तेव्हाची. अ‍ॅम्प्लिफायर आला आणि ते सारे संशोधन दहा-पंधरा वर्षे कपाटात गेले. हुशार उपायाला स्वस्त उपायाने हरवल्याचे दूरसंचारातले हे ठळक उदाहरण, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही. त्या दशकात तेच शहाणपणाचे होते.

२००० नंतर चाळीस गिगाबिटला हा उपाय थकला. डीपीएसके, ड्युओबायनरी, डीक्यूपीएसके अशी नावे या काळात मासिकांत आणि निविदांत दिसू लागली. यांतल्या बहुतेकांनी फेज वापरली, पण ती ओळखायला आधीच्या बिटशी तुलना करण्याची युक्ती केली. थोडीफार सुधारणा झाली. त्यांवर फार थांबण्यात अर्थ नाही. पाच-सात वर्षांत ती गेलीही.

खरा पालट झाला तो प्रकाशशास्त्रात नव्हे, तर चिपमध्ये. २००४-०५ च्या सुमारास टोकियो विद्यापीठात आणि इतरत्र प्रयोग करून दाखवले गेले की दुसऱ्या लेझरची फेज आलेल्या प्रकाशाशी यांत्रिकपणे जुळवून ठेवायची गरजच नाही. आलेले सगळे मोजून घ्या, आकडे करा आणि जुळवाजुळव गणिताने करा. १९८० च्या दशकात जे अशक्य होते ते आता सेकंदाला अब्जावधी नमुने घेऊन त्यांचे आकडे करणाऱ्या एडीसीमुळे आणि सिग्नल प्रोसेसिंग चिपमुळे शक्य झाले. नॉर्टेलने २००८ मध्ये अशी चाळीस गिगाबिटची यंत्रणा बाजारात आणली आणि २०१० पासून शंभर गिगाबिट सुरू झाले.

या शंभर गिगाबिटमध्ये जे मॉड्युलेशन बसले त्याला दुहेरी ध्रुवणाचे क्यूपीएसके म्हणतात. लाटेच्या फेजच्या चार जागा ठरवायच्या, म्हणजे एका खुणेत दोन बिट. आडव्या ध्रुवणावर एक अशी लाट, उभ्या ध्रुवणावर दुसरी. मिळून एका खुणेत चार बिट. सेकंदाला २८ ते ३२ अब्ज खुणा पाठवल्या की चुका दुरुस्त करणाऱ्या जादा बिटांसकट शंभर गिगाबिटचे काम होते, आणि तेही दहा गिगाबिटला जी पन्नास गिगाहर्ट्झची जागा दिली होती तेवढ्यातच. गाळप हंगामात नीरा-बारामती रस्त्यावर एकाच ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसतात, तसाच हा प्रकार. रस्ता रुंद केला नाही, ट्रॅक्टर जोरात पळवला नाही, खेपेला माल वाढवला.

फायदा एवढ्यावर थांबला नाही. फेज हाती आली म्हणजे लाटेची सगळी हकिगत हाती आली. मग डिस्पर्शन हे एक ठरावीक, उलटवता येणारे गणित ठरते. चिपमधला फिल्टर ते उलटवतो. दोन हजार किलोमीटरचे असो की तीन हजारांचे. फायबर ऊन-पावसात हलते, ध्रुवण फिरत राहते, आडवे-उभे एकमेकांत मिसळते. चिप त्याचाही सेकंदात अनेक वेळा माग काढते. थांब्याथांब्यावर लाखो रुपये घालून बसवलेली रिळे एकाएकी निरुपयोगी झाली. निरुपयोगीच नव्हे, तर काही मार्गांवर ती नडू लागली.

मग पुढे काय अडले? क्यूपीएसकेच्या चार जागांऐवजी सोळा जागा केल्या, म्हणजे १६-क्यूएएम, की एका खुणेत दोन ध्रुवणांवर मिळून आठ बिट बसतात. वेग दुप्पट. पण जागा जवळजवळ आल्या, म्हणून त्या वेगळ्या ओळखायला संकेत गोंगाटापेक्षा सुमारे सात डेसिबलने, म्हणजे पाचपटीने, जास्त स्वच्छ लागतो. दुप्पट वेगासाठी पाचपट स्वच्छता, असा हा सौदा. दर अ‍ॅम्प्लिफायरला थोडा गोंगाट वाढतोच, म्हणून अंतर कमी होते. क्यूपीएसके हजारो किलोमीटर जाते, १६-क्यूएएम शेकड्यांत, ६४-क्यूएएम त्याहून खूप कमी.

बरे, प्रकाश जास्त तीव्र करून पाठवावा म्हटले तर काच आडवी येते. तीव्र प्रकाशाने काचेचा अपवर्तनांक किंचित बदलतो. याला कर परिणाम म्हणतात. एका रंगाचा उजेड शेजारच्या रंगाची फेज बिघडवतो. एका ठरावीक तीव्रतेपुढे प्रकाश वाढवला की संकेत सुधारत नाही, उलट बिघडतो. क्लॉड शॅननने १९४८ मध्ये कोणत्याही वाहिनीची जी कमाल मर्यादा सांगितली, तिचे फायबरमधले रूप हे असे दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे. पार्थ मित्रा आणि जेसन स्टार्क यांनी २००१ मध्ये हा मुद्दा नीट मांडला. या मर्यादेच्या जवळ जायला २०१५ नंतर एक छान युक्ती आली. सोळा किंवा चौसष्ट जागा सारख्या प्रमाणात वापरायच्या नाहीत. मधल्या, कमी तीव्रतेच्या जागा जास्त वेळा आणि कडेच्या क्वचित. सिद्धांताने यातून जास्तीत जास्त १.५३ डेसिबल मिळतात. आकडा किरकोळ वाटेल, पण मर्यादेच्या टोकाला उभे असताना तो मोलाचा असतो. दुसरा फायदा व्यवहारी आहे. मार्ग किती लांब आहे त्याप्रमाणे तेच यंत्र वेग कमी-जास्त करू शकते.

मुंबईच्या किनाऱ्यावर उतरलेल्या समुद्री केबलींनी हा सगळा इतिहास पाहिला आहे. १९९७ ची फ्लॅग, २००५ ची सी-मी-वी ४. समुद्राच्या तळाची काच आणि अ‍ॅम्प्लिफायर एकदा टाकले की पंचवीस वर्षे तिथेच. सी-मी-वी ४ दहा गिगाबिटच्या लावण्या-विझवण्यासाठी आखलेली होती. पुढे पाण्यातले काही न हलवता फक्त दोन्ही काठांवरची यंत्रे बदलून तिची क्षमता वाढवली गेली. नव्या समुद्री केबलींमध्ये मात्र कल वेगळा दिसतो. फायबरच्या एका जोडीत जास्त भरण्याऐवजी जोड्याच वाढवतात आणि प्रत्येकीत थोड्या कमी तीव्रतेने, साध्या मॉड्युलेशनवर चालतात. कारण पाण्याखालच्या सगळ्या अ‍ॅम्प्लिफायरांना वीज काठावरूनच द्यावी लागते आणि ती मोजकीच असते. अडचण पुन्हा सरकली.

नवी मुंबईत, ऐरोली-महापेच्या बाजूला, डेटा सेंटरांच्या इमारतींत आणखी तिसरीच तऱ्हा आहे. तिथे अंतर काही मीटर ते दोन किलोमीटर. फेज-बिज ओळखणारी महागडी चिप प्रत्येक तारेला लावली तर वीजबिलच आवाक्याबाहेर जाईल. म्हणून तिथे पीएएम-४ चालते. उजेडाच्या दोनऐवजी चार पायऱ्या, एका खुणेत दोन बिट. २०१७ मध्ये चारशे गिगाबिट इथरनेटच्या मानकाने हीच पद्धत घेतली. ती तशी ओबडधोबड पद्धत आहे. दोन पायऱ्यांमधले अंतर एक तृतीयांश उरते, म्हणजे तितक्याच बिनचूक कामासाठी तिप्पट उजेड लागतो. पण दोनशे मीटरला उजेडाची ददात नसते.

इथे पुणे जिल्ह्यातल्याच एका जागेकडे वळायला हवे. ती या आढाव्यात सहसा येत नाही, कारण तिथे शून्य-एक नाहीच. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधल्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या जागेत आणि बाकीच्या सोळा वाय आकाराच्या तीन भुजांवर, शेतांमधून लांबवर पसरलेल्या. या तिसांतून आलेले आकाशातले संकेत एका इमारतीत आणून एकमेकांशी जुळवायचे असतात आणि ते आणले आहेत फायबरनेच. पण कसे? लेझरच्या प्रवाहावर रेडिओ संकेत जसाच्या तसा चढवून. प्रकाशाची तीव्रता त्या संकेताप्रमाणे हलकेच वर-खाली होते. पूर्ण ॲनालॉग.

मूळ रचनेत तबकडीच्या दोन ध्रुवणांचे संकेत १३० आणि १७५ मेगाहर्ट्झवर आणून दोन्ही एकाच लेझरवर चढवत आणि एकाच फायबरने पाठवत. ॲनालॉग का, तर तबकडीपाशीच आकडे करणारी यंत्रे बसवली तर त्यांचा स्वतःचा रेडिओ गोंगाट त्या अतिसंवेदनशील रिसीव्हरमध्ये शिरला असता. शिवाय सगळे आकडे एका जागी, एकाच घड्याळावर केले की जुळणी सोपी. किंमत मोजावी लागते ती लेझरच्या सरळपणात. आकाशातला संकेत दुबळा असतो, पण त्याच्या शेजारी टीव्ही, मोबाइलचे दांडगे संकेत घुसलेले असतात. लेझरची प्रतिक्रिया थोडी जरी वाकडी झाली तरी त्या दांडग्यांची मिश्रणे तयार होऊन नेमकी कामाच्या पट्ट्यात पडतात. शून्य-एकवाल्याला या वाकडेपणाची फिकीर नसते. खोडदला ती पहिली चिंता. पुढे दुर्बिणीची सुधारित आवृत्ती झाली तेव्हा एका वेळी पाहता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० पर्यंत गेला. त्यासाठी त्याच जमिनीतल्या फायबरवर १५५० च्या पट्ट्यातले नवे रंग चढवले आणि जुनी व्यवस्थाही चालू ठेवली. सिद्धांतात जुने म्हणून बाजूला टाकलेले मॉड्युलेशन आजही जागतिक दर्जाचे विज्ञान करते आहे. ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या एसकेए-लो दुर्बिणीतही अँटेनांपासून संकेत याच ॲनालॉग पद्धतीने फायबरवर चढवतात.

ॲनालॉग प्रकाश तसा गावोगावी पोहोचलाच होता, केबल टीव्हीच्या रूपाने. हेडएंडपासून गावातल्या नोडपर्यंत फायबर आणि तिथून घरात काळी कोअ‍ॅक्स. नोडच्या पेटीत येणाऱ्या फायबरवर शेकडो चॅनेलांचा अख्खा पट्टा १५५० नॅनोमीटरवर चढलेला असे. फायबर इंटरनेटचे जीपॉन मानक ठरवताना खाली येणारा डेटा १४९० वर आणि घरातून वर जाणारा १३१० वर ठेवला. १५५० चा भाग टीव्हीसाठी मोकळा सोडला.

जीपॉनवर जरा थांबतो, कारण बारामती-इंदापूरच्या गावांचा संबंध प्रत्यक्षात याच्याशी आहे. २०११ मध्ये ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची राष्ट्रीय योजना मंजूर झाली, तिला २०१५ मध्ये भारतनेट नाव मिळाले. तिच्या पहिल्या टप्प्याने हेच तंत्र घेतले. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ओएलटी हे मुख्य यंत्र, वाटेत वीज न लागणारा स्प्लिटर, टोकाला ओएनटी ही ग्राहकाकडची पेटी. स्प्लिटर म्हणजे प्रकाश वाटून देणारी काच, दुसरे काही नाही. एकाचे बत्तीस केले की प्रत्येकाला बत्तिसावा हिस्सा, म्हणजे १५ डेसिबल तिथेच गेले, आणि स्प्लिटरचा स्वतःचा थोडा तोटा वेगळा. १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.३५ डेसिबल, वीस किलोमीटरला सात. एकूण २४-२५. यंत्राला साधारण २८ पर्यंत परवडते. म्हणजे हातात उरतात तीन-चार डेसिबल. त्यांत खांबावरचा खराब जोड, कोपऱ्यात जास्त वाकलेली वायर आणि उंच भरलेल्या ट्रॉलीने ओढून तोडल्यावर पुन्हा केलेले स्प्लाइस. कनेक्शन दुरुस्त करायला येणारा मुलगा पॉवर मीटर लावून मायनस बावीस, मायनस चोवीस म्हणतो तेव्हा तो याच शिलकीचा हिशेब सांगत असतो. मायनस अठ्ठावीसच्या खाली गेले की ओएनटीवरचा लाल दिवा.

आता या बत्तीस घरांना जास्त वेग द्यायचा म्हणून पीएएम-४ आणले तर? तिप्पट उजेड लागेल. तो कुठून येणार? स्प्लिटर लहान करावा लागेल, बत्तीसऐवजी दहा घरे. डेटा सेंटरात जे निर्धास्त चालते ते इथे शिलकीवरच घाव घालते. म्हणूनच जीपॉनच्याच घराण्यातल्या पन्नास गिगाबिटच्या पॉनचे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्ये आले तेव्हाही तज्ज्ञांनी साधे लावणे-विझवणेच ठेवले आणि त्याला सावरायला रिसीव्हरमध्ये चिपचे गणित दिले. दुसरा पेच घरातून वर जाणाऱ्या बाजूचा. तिथे बत्तीस घरे आपापल्या पाळीने क्षणभर बोलतात. कोणी जवळचा, कोणी लांबचा, कोणाचा उजेड जास्त, कोणाचा कमी. ओएलटीने प्रत्येकाशी नॅनोसेकंदांच्या हिशेबात नव्याने जमवून घ्यायचे. लावणे-विझवणे असेल तर ते जमते. फेजची ओळख इतक्या झटपट पटवणे महाग आहे. १९७९ ची रीत गावात टिकून आहे ती मागासलेपणामुळे नव्हे, तर एवढ्या कमी शिलकीत दुसरे काही बसत नाही म्हणून.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की सोमेश्वरनगरच्या शेतकऱ्याची आजची अडचण बहुधा मॉड्युलेशनची नाहीच. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो उपक्रम चालवला आहे, त्यातल्या जमिनीतल्या सेन्सरचा डेटा इतका किरकोळ असतो की जुनी मोबाइल लाइनही त्याला पुरते. रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली तर क्यूपीएसके असो की पीएएम, दोन्ही सारखेच बंद. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये एका सरळ रेषेऐवजी रिंग आखली आहे. एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने वाट. गावाला तातडीने उपयोगी पडेल ते हे.

कोहेरंट यंत्रे गावाकडे सरकण्यातला खरा अडथळा चिप खाते त्या विजेचा. २०२० मधल्या ४००झेडआर या मानकाने १६-क्यूएएम वापरून चारशे गिगाबिटचे यंत्र तळहातावर मावेल अशा प्लगमध्ये आणले, पण ते पंधरा वॉटच्या आसपास खाते. आयआयटी मुंबईत शलभ गुप्ता यांच्या गटाने यावर वेगळी वाट धरली आहे. छोट्या अंतरासाठी आकडे करण्याची आणि मोठ्या चिपची भानगडच टाळायची आणि ध्रुवणाची, फेजची जुळवाजुळव ॲनालॉग सर्किटमध्येच करायची. वेगवान एडीसी गेला की विजेचा मोठा वाटा वाचतो. मला ही दिशा मोलाची वाटते, आणि खोडदच्या ॲनालॉग परंपरेच्या शेजारी ती शोभते. आयआयटी मुंबईचेच रघुनाथ शेवगावकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, यांची ऑप्टिकल कम्युनिकेशनवरची व्याख्याने एनपीटीईएलवर मोफत आहेत. सोमेश्वरनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी डिस्पर्शनची समीकरणे त्यांच्याकडूनच ऐकावीत.

काचेच्या बाजूनेही आता हालचाल आहे. छत्रपती संभाजीनगरला वाळूज आणि शेंद्र्यात स्टरलाइट टेक्नॉलॉजीज जी फायबर आणि तिची काच बनवते, ती साध्या आणि वाकवता येणाऱ्या जातींची, भरीव गाभ्याची. साउदॅम्प्टनमध्ये गाभा पोकळ ठेवून त्यात हवा असलेली फायबर तयार झाली आहे आणि तिचा तोटा किलोमीटरला ०.१ डेसिबलच्याही खाली आणल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. हवेत कर परिणाम जवळजवळ नाही आणि डिस्पर्शनही थोडे. ती स्वस्त झाली तर ज्या दोन अडचणींनी मॉड्युलेशनचा चाळीस वर्षांचा इतिहास घडवला, त्याच दोन सैल पडतील. मग कदाचित तीव्रता वाढवून ६४-क्यूएएम लांब नेता येईल, किंवा साधे लावणे-विझवणे आणखी लांब जाईल. पण ती फायबर जमिनीत नव्याने पुरावी लागेल आणि बारामती तालुक्यात एकदा पुरलेली काच इतक्यात कोणी उकरणार नाही.

जवळचे बदल जुन्या काचेवरच होतील. एकाच रंगावर शंभर गिगाबिट नेणारा छोटा कोहेरंट प्लग आता साधारण पाच-सहा वॉटमध्ये मिळू लागला आहे. त्याची आखणीच मध्ये अ‍ॅम्प्लिफायर न लावता ८० किलोमीटर जाण्यासाठी आहे. पुण्याहून सोमेश्वरनगरची लाइन वर मोजली ती नेमकी एवढीच. पुणे ते सोमेश्वरनगरचे एक्स्चेंज हा टप्पा त्याच्या आवाक्यात आला आहे. एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या शेवटच्या वीस किलोमीटरला अजून नाही. तिथे बत्तीस घरांमागे ओएलटीवर एक प्लग बसतो आणि घरात प्रत्येकी एक. ओएलटीवरचा महाग झाला तर तो बत्तीस जणांत वाटला जातो, घरातला ज्याचा त्यालाच पडतो. घरातल्या पेटीची किंमत आज दोन-तीन हजारांत आहे आणि कोहेरंट पेटी त्याच्या जवळपासही नाही.